उतरती रेघ

आलेख इतका देखणा उतरला होता की तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कंट्रोल गटाचे, म्हणजे द्रावक न दिलेल्या उंदरांचे, शुक्राणू सपासप पळत होते, कमी डोसचे जरा मंद, मधले आणखी मंद, सर्वांत जास्त डोसवाले तर मरगळलेलेच.

चाचणी एका द्रावकाची होती. पांढऱ्या उंदरांना दहा आठवडे रोज, रविवारीसुद्धा, नळीने पोटात डोस. शुक्राणू वृषणात तयार व्हायला साधारण 50 दिवस लागतात, पुढे एपिडिडायमिसमधून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून, पार व्हायला आठ-दहा. 'महिन्यात उरका' म्हणणाऱ्यांना हे कधीच पटत नाही.

विच्छेदनाचा दिवस घड्याळाचा. एपिडिडायमिसचं शेपूट 37 अंशांच्या द्रावणात चिरलं की दुधाळ धुरासारखे शुक्राणू बाहेर येतात. थेंब कोमट स्लाइडवर घ्यायचा. डोकं गळाच्या आकड्यासारखं वाकडं. स्लाइड गार झाली की सगळे मलूल; त्याला विष लागत नाही.

रात्री नोंदवहीतल्या वेळा पाहिल्या. सकाळी कंट्रोल, मग कमी डोस, मग मधला, जास्त डोस थेट संध्याकाळी. रॅकवर पिंजरे जसे, तसेच.

"नेहमी असंच घेतो, मॅडम," सहायक म्हणाला. दुपारी हीटिंग प्लेटचा दिवा विझलेला त्याने पाहिला होता. "पण स्लाइड भराभर बघितल्या."

मी चिडले. पण गट आलटूनपालटून घ्या, हे आराखड्यात मीच लिहायला हवं होतं.

शुक्राणूंची मोजणी तेवढी या गोंधळातून वाचली. गोठवलेली वृषणं दळून, सांकेतिक क्रमांक लावून मी आणि एका सहकारिणीने शुक्राणूंची डोकी स्वतंत्रपणे मोजली. जास्त डोसच्या गटात संख्या खरंच घटलेली. तरीही त्याच नरांच्या सगळ्या माद्या गाभण राहिल्या होत्या, आणि वरिष्ठांना तेवढंच वाक्य हवं होतं: प्रजननक्षमतेवर परिणाम नाही. उंदराकडे शुक्राणू इतके वरकड असतात की पुष्कळ घटले तरी पिल्लं होतात. माणसाकडे ती चैन नाही. डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकाने उंदरांची वृषणं आक्रसतात हे 1961मध्ये छापून आलं होतं. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातले कामगार तपासले गेले 1977मध्ये, तेही आपल्याला मुलं का होत नाहीत हे त्यांनीच आपापसात ताडलं म्हणून.

मी संख्येतली घट अहवालाच्या सारांशात वर घातली. हालचालीचे आकडे तसेच ठेवून खाली शेरा मारला. मधल्या गटाचे शुक्राणू डोसने मंदावले की दुपारने, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ते उंदीर संपले.