एकच मधमाशी चावली, मग असं कसं झालं?

शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला एका छोट्या सरकारी दवाखान्यात ड्युटीला होतो तेव्हाची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस, दुपारी साडेतीनच्या सुमाराला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून एकाला आणलं. पस्तिशीचा तगडा माणूस, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, घशातून घरघर आणि बीपी वरचं ७०. मानेवर चुना फासलेला. मधमाशी चावली होती, एकच. वाटेतल्या एका दवाखान्यात एव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) आणि डेक्सा (स्टेरॉइड) देऊन पुढे पाठवलं होतं, त्यात वीस मिनिटं गेली, आणि त्याचा राग मला अजून येतो कारण अशा जीवघेण्या ॲलर्जीत आधी द्यायचं औषध म्हणजे ॲड्रिनॅलिन, आणि ती पन्नास रुपयांच्या आतली गोष्ट आहे.

मांडीत बाहेरच्या बाजूला अर्धा मिली ॲड्रिनॅलिन दिलं, पाय वर केले, ऑक्सिजन लावला, दोन्ही हातांना सलाईन. पाच मिनिटांनी दुसरा डोस द्यावा लागला. मग हळूहळू नाडी हाताला लागायला लागली आणि तो डोळे उघडून पाणी मागायला लागला.

रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही तासांनी परत तोच झटका येऊ शकतो. आठच्या सुमाराला त्याचा भाऊ दाराशी येऊन म्हणाला, "साहेब, मांगला साल पाच-सात चावन्यात, तवय काहीच नही झायं. आज एकच चावनी नि हाई असं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी एमबीबीएसला हे पाठ केलेलं, टाइप वन हायपरसेन्सिटिव्हिटी म्हणून, म्हणजे लगेच उसळणारी ॲलर्जी, पण त्या रात्री पहिल्यांदा नीट विचार केला आणि त्याला त्याच्याच भाषेत सांगायचा प्रयत्न केला.

म्हटलं, मागच्या साली चावल्या तेव्हा शरीराने त्या विषाला ओळखून त्याच्यासाठी खास अँटीबॉडी बनवली, आयजीई. ती रक्तात फिरते तेव्हा रोजंदारीवाली, दोनेक दिवसांत निम्मी संपते. पण मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, कातडीत, श्वासनळीत, रक्तवाहिन्यांजवळ, त्यांच्यावर तिला धरणारा रिसेप्टर असतो, आणि तिथे एकदा बसली की ती सालदार. आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरलेला सालदार जसा मधेच काम सोडत नाही तशी ती आठवडेच्या आठवडे हलत नाही, इतकी ती पकड घट्ट आहे. म्हणजे गेल्या साली काही झालं नाही असं तुला वाटलं, पण आतमध्ये तयारी तेव्हाच सुरू झाली होती.

भाऊ बराच वेळ गप्प होता.

त्याला सांगितलं नाही पण मला स्वतःला जे सगळ्यात भारी वाटतं ते पुढे आहे. आयजीईचे दोन अर्धे भाग एकसारखे, मग एका आयजीईने दोन रिसेप्टर धरायला पाहिजेत ना? धरत नाही. २००० साली या जोडीची रचना क्रिस्टलवरून दिसली, तेव्हा कळलं की रिसेप्टर त्या दोन भागांच्या मधे येऊन दोघांनाही लागतो, म्हणून दुसऱ्या रिसेप्टरला जागाच उरत नाही. आणि हे किती बरं आहे बघा, एकाच अँटीबॉडीने दोन रिसेप्टर जोडले असते तर काहीही न चावता त्या पेशी उधळल्या असत्या. जोडणारं बाहेरून यावं लागतं. मधमाशीच्या विषातलं प्रोटीन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडतं, खालचे रिसेप्टर जवळ ओढले जातात, आत निरोप जातो आणि काही मिनिटांत हिस्टामिनच्या, म्हणजे सूज आणणाऱ्या, बीपी पाडणाऱ्या रसायनाच्या थैल्या रिकाम्या होतात. एव्हिल फक्त हिस्टामिनची एक जागा अडवतं, पडलेलं बीपी ते उचलत नाही. ते काम ॲड्रिनॅलिनचं, आणि ते आणखी हिस्टामिन सुटणंही कमी करतं.

सकाळी जाताना भावाने विचारलं, "मंग आते परत चावनी तं?" चावली तर पुन्हा असंच होऊ शकतं, कदाचित जास्त, हे मी लपवलं नाही. विहिरीजवळच्या झाडावर आग्या मोहोळ होतं, तिकडे त्याला पाठवू नका म्हटलं, आणि केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं. मग त्यांच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन लावला, ॲड्रिनॅलिनच्या ॲम्प्यूल आहेत का, एक्सपायरी बघा, आणि द्यायची वेळ आली तर दंडात नाही, मांडीत.