मेणवलीच्या घाटावर ढगाळ सकाळी काढलेले घरचे फोटो

सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेवर स्टुडिओतला फोटो नको, असे घरात सर्वांचे मत पडले. त्यामुळे ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही नऊ जण पहाटे पुण्याहून निघालो आणि खंबाटकी घाट ओलांडून, सुरूर फाट्याला वळून, साडेआठच्या सुमारास वाईला पोहोचलो. तिथून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवर उतरणारा काळ्या दगडाचा घाट आणि १७३९ च्या विजयानंतर वसईहून आणलेली मोठी घंटा, एवढ्या गोष्टी अगदी जवळजवळ असल्याने वयस्कर माणसांना फार चालावे लागत नाही.

पहिली वीस मिनिटे माझ्याच चुकीने वाया गेली. गाडीतल्या एसीत गार पडलेला कॅमेरा मी थेट दमट हवेत काढला आणि लेन्सवर बाष्प धरले. पुसावे तर पुन्हा धरत होते. घाटावर पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करावा आणि कॅमेरा बंद बॅगेतच हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्यावा.

ढगाळ दिवस फोटोसाठी उत्तम, असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. उजेड मऊ असतो, कोणी डोळे मिचकावत नाही, हे मान्य. परंतु तो जवळजवळ सगळा वरून येतो. मोकळ्या पायऱ्यांवर काढलेल्या पहिल्या फोटोंत आबांच्या भुवयांखाली काळी खळगी दिसत होती आणि सासूबाईंच्या चष्म्यात डोळ्यांऐवजी पांढरे आकाश उतरले होते. यावर उपाय म्हणजे डोक्यावर आडोसा शोधणे. आम्ही सर्वांना झाडाच्या पसरलेल्या फांद्यांखाली, पण अगदी बाहेरच्या कडेला, नदीकडे तोंड करून उभे केले. वरचा उजेड अडला, समोरचा चेहऱ्यावर आला आणि डोळ्यांत चमक दिसू लागली. दोघांच्या फोटोसाठी तर दिराने चौकटीबाहेर उभे राहून त्यांच्या डोक्यावर काळी छत्री धरली, तेवढ्यानेही फरक पडला. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या की काचा खाली झुकतात आणि आकाश निघून जाते. पानांखाली उभे राहिल्याने चेहऱ्यांवर हिरवट झाक येते, ती मात्र नंतर दुरुस्त करावी लागते.

कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर इथे दोन्ही बाजूंनी फसते. चौकटीत आकाश आले की माणसे काळवंडतात. याउलट मागे नुसता ओला काळा दगड असला की कॅमेरा जास्त उजेड घेतो आणि आबांच्या पांढऱ्या टोपीची घडीसुद्धा उरत नाही. आकाश शक्यतो वगळून मी उजेड अर्धा स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचे माप) कमी केला. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, शटर १/२०० सेकंद आणि दोन्ही रांगा स्पष्ट येण्यासाठी लेन्सचे छिद्र एफ ५.६ पुरले, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) ६५०० केल्विनच्या आसपास ठेवला. मोबाइलवर आबांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरावे आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी.

कपड्यांबाबत माझे मत स्पष्ट आहे: सर्वांना एकाच रंगात कोंबू नये. काळ्या दगडापुढे सासूबाईंचे डाळिंबी नऊवारी आणि जाऊबाईंची मोहरी रंगाची साडी खुलून दिसली, माझा राखाडी कुर्ता मात्र दगडातच विरला.

पावसाळ्यात खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतात आणि वरच्यांवर शेवाळ धरते. त्यामुळे मुलांना वरच थोपवावे आणि ज्येष्ठांना आधी बसवून बाकीच्यांना त्यांच्याभोवती उभे करावे. चप्पल घसरत असेल तर ती काढलेलीच बरी. पत्रिकेसाठी निवडलेल्या फोटोत आबा अनवाणीच आहेत.