तीस किलोमीटर, सहा तास

पुण्यात शाळा-कॉलेजची सगळी वर्षं मी सायकलवर काढली, पण "सायकल चालवायला जाते" असं घरी कधी सांगितलं नाही. सायकल क्लासला जायला, दळण आणायला. त्यामुळे मेलबर्नमधल्या एका सायकल क्लबच्या 'सोशल राइड'ला नाव दिलं तेव्हा मला आधी प्रश्न पडला तो हाच, की जायचं कुठे? उत्तर आलं, कुठेच नाही. कॅपिटल सिटी ट्रेल, साधारण तीस किलोमीटरचा फेरा. यारा नदीकाठी निघायचं आणि यारा नदीकाठीच परत यायचं.

रविवारी सकाळी सायकल लोकल ट्रेनमध्ये चढवली. सायकलीला तिकीट नाही, फक्त पहिल्या डब्याच्या पहिल्या दारातून चढवायची नाही. साडेनऊला नदीकाठी वीसेक जण जमले होते, बहुतेक साठीच्या पुढचे. हेल्मेट सगळ्यांनाच होतं (व्हिक्टोरियात १९९० पासून कायदाच आहे), पण तीन-चार जणांच्या हेल्मेटवर प्लास्टिकचे केबल टाय उभे खोचलेले होते. डोक्यावर साळिंदर बसवल्यासारखे. ऑक्टोबर म्हणजे इथला वसंत, मॅगपाय पक्ष्यांची पिल्लं घरट्यात असतात आणि नर मागून येऊन टोच मारतो, त्यावर हा उपाय. उपयोग होतो का, असं विचारल्यावर टायवाले आपसात वाद घालायला लागले.

मग लीडरने नियम सांगितले. डावीकडून चालवायचं, पायी चालणाऱ्यांना ओलांडताना घंटी द्यायची, वाटेत खांब दिसला की मागच्यांसाठी ओरडायचं. आणि मुख्य नियम वळणाचा. वळण आलं की लीडर आपल्या मागच्या माणसाला तिथे उभं करणार. त्याने सगळ्यांना रस्ता दाखवायचा आणि शेवटची, पिवळ्या जाकिटातली बाई येईपर्यंत हलायचं नाही. मी मान डोलावली. यात न कळण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं.

रिचमंडजवळ वाट फ्रीवेखाली शिरते आणि थेट पाण्यावरून जाते. डोक्यावर ट्रकांची धडधड, चाकाखाली यारा. या नदीचं पाणी बारीक चिकणमातीमुळे कायम तपकिरी असतं. इथले लोक म्हणतात, आमची नदी उलटी वाहते, तळ वर आणि पाणी खाली. मला मुठेची आठवण आली, पण ती तुलना यारेवर अन्याय करणारी आहे, म्हणून गप्प बसले.

बर्नलीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. ईमेलमध्ये सांगितल्याप्रमाणे जादा ट्यूब आणली होती, मोठ्या ऐटीत बाहेर काढली, तर ती सव्वीस इंची. माझं चाक सातशेचं, म्हणजे त्याहून मोठं. दुकानात आकार न बघता उचललेली. बाकीचे पुढे गेले, मागे राहिलो मी आणि पिवळ्या जाकिटातली बाई. सत्तरीच्या असाव्यात. पुण्यात पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, यांनी ट्यूब फुगवून ओठांजवळून फिरवली आणि वाऱ्यावरून भोक शोधलं. टायरच्या आतून बोट फिरवून काचेचा कण काढला. सोल्युशन वाळेपर्यंत मी चार वेळा सॉरी म्हणाले. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "मला कशाला? पुढच्या वळणावर जो उभा आहे त्याला म्हण."

तो खरंच उभा होता. वीसेक मिनिटं झाली असतील, झाडाला टेकून केळं खात होता. "झालं?" म्हणाला आणि आमच्या पुढे निघून गेला.

ॲबट्सफर्डच्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये कॉफी झाली. माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा दोन मिनिटांत रिकामा झाला. डाइट्स फॉल्सपाशी मेरी क्रीक यारेला मिळते. तिथून आम्ही नदी सोडून ओढा धरला आणि रशल स्टेशनजवळ लीडरने माझ्याकडे बोट दाखवलं. इथे ट्रेल ओढा सोडून पश्चिमेला वळते, सरळ गेलं तर माणूस मेरीच्या काठाने उत्तरेला भलतीकडेच जातो.

पहिले सतरा जण भुर्रकन गेले. मग कोणीच नाही. एक बाबागाडी गेली, दोन कुत्री गेली. पाच मिनिटांनी मला वाटायला लागलं की पिवळं जाकीट माझ्या नजरेतून निसटलं. आठव्या मिनिटाला खात्रीच पटली. पुढे जाऊन त्यांना गाठावं म्हणून पेडलवर पाय ठेवला, मग तो केळंवाला आठवला आणि पाय खाली घेतला. फोन काढला, ठेवला. अकराव्या मिनिटाला पिवळं जाकीट दिसलं. एकाची चेन उतरली होती, एवढंच. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात हलवले. बाईंनी फक्त घंटी वाजवली.

पुढची वाट म्हणजे जुना इनर सर्कल लोहमार्ग. १८८८ मध्ये सुरू झाला, प्रवासी गाड्या १९४८ मध्ये थांबल्या. नॉर्थ कार्लटनचं स्टेशन अजून उभं आहे, आता तिथे मोहल्ल्याचे लोक जमतात. लोहमार्गाचा उतार मुळात सौम्य, त्यामुळे गप्पा मारत चालवता येतं. रॉयल पार्कनंतर मूनी पॉन्ड्स क्रीक लागला, काँक्रीटमध्ये बांधलेला, वर टोलरस्त्याचे खांब. पाऊस झाला की पुलांखालची वाट पाण्यात जाते म्हणे. सगळ्या फेऱ्यातला हा तुकडा मला अजिबात आवडला नाही. डॉकलँड्समधून परत यारेवर आलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी वयाच्या साठीपर्यंत सायकलने नोकरी केली.

"किती झालं अंतर?"

"तीस किलोमीटर."

"आणि वेळ?"

"सहा तास."

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"अगं, मग चालतच जायचं की."