सापसुरळीले काऊन मारता?

आज सोयाबीन सोंगताना धुऱ्यावरच्या पालापाचोळ्यातून एक सापसुरळी निघाली आणि काकांनी तिथल्या तिथे ठेचली. तुटलेली शेपटी बाजूला पडून कितीतरी वेळ नुसती वळवळत होती.

मी म्हटलं काका, बिनविषारी असते ते, किडे खाते. तर म्हणाले, "चावली त माणूस पाणी बी नाही मांगत बापू."

हे पाणी डोक्यातून जाईना. कारण तिकडे जमैकात गॅलिवास्प नावाचा चकचकीत सरडा होता, त्याच्याबद्दलही लोक सांगायचे की तो चावला की पाण्याकडे पळायचं, माणूस आधी पोचला तर माणूस वाचतो, सरडा आधी पोचला तर माणूस गेला. विष त्याला नव्हतंच! तरी लोक फार भ्यायचे त्याला. त्यात उसाच्या मळ्यांसाठी जंगलं गेली, वरून १८७२ मध्ये उसातले उंदीर मारायला मुंगूस नेऊन सोडले, तेही आपल्याच भारतातून.

गॅलिवास्पच्या जातींतला सगळ्यात मोठा दीडशेच्या वर वर्षं झाली, कोणाला दिसलेला नाही, बहुतेक संपलाच. २०२४ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याचा जपून ठेवलेला एक नमुना जमैकाला परत दिला. स्वतःच्या देशात परत आला तो असा, मेलेला. वाचून लई वाईट वाटलं होतं.

आपल्याकडे सापसुरळ्या अजून भरपूर आहेत म्हणून आत्ताच बोलतो.

तुमच्या गावात काय सांगतात तिच्याबद्दल? आणि विष नसतं म्हटल्यावर कोणी ऐकतं का?