टवका

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर 'टक्' असा आवाज झाला. मी उगाचच मान खाली घातली. अशा वेळी मान खाली घालून काही उपयोग नसतो, पण ती घातली जाते. गाडी बाजूला घेऊन पाहिलं तर मसुराच्या दाण्याएवढा टवका उडाला होता आणि त्यातून तीन बारीक तडे फुटले होते. सहा वर्षं या काचेतून मी रस्ता पाहिला, धुकं पाहिलं, समोरच्याच्या चुका पाहिल्या. काच मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

बाहेरून टवक्यावर नख फिरवलं, नख अडकलं. मग आत बसून त्याच जागी बोट फिरवलं, तर काच गुळगुळीत! मला आधी वाटलं, जागा चुकली. पण जागा बरोबर होती. पुढची काच ही एक काच नसतेच. प्रत्येकी साधारण दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये जेमतेम पाऊण मिलिमीटरचा प्लास्टिकचा पापुद्रा, असं ते सँडविच असतं. खड्याचं भांडण बाहेरच्या काचेशी झालं, आतलीला त्याचा पत्ताही नव्हता.

हे सँडविच सुचण्यामागची गोष्ट गमतीची आहे. 1903 साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून म्हणे काचेचा चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत पूर्वी ठेवलेलं सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण सुकून त्याचा थर काचेला चिकटून राहिला होता. न धुतलेल्या भांड्यातून शोध लागल्याच्या गोष्टी मला नेहमीच थोड्या संशयास्पद वाटतात (आणि हव्याहव्याशाही). पण 1909 साली त्यानं पेटंट घेतलं, हे पक्कं. गंमत म्हणजे मोटारवाल्यांच्या आधी या काचेचा मोठा उपयोग झाला तो पहिल्या महायुद्धातल्या गॅस मास्कमध्ये. शिवाय तो जुना थर उन्हानं पिवळा पडायचा. आजचा पापुद्रा पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा असतो. काचांमध्ये घालताना तोही दुधी, धुरकट दिसतो. मग भट्टीत सुमारे 140 अंशांची उष्णता आणि वरून दाब मिळाला की काचांना चिकटून तो दिसेनासा होतो.

दारांच्या काचांचा स्वभाव सहसा अगदी उलटा. ती एकच काच असते, सहाशे अंशांच्या वर तापवलेली आणि मग गार हवेचे झोत मारून झटकन थंड केलेली. कातडी आधी आक्रसून घट्ट होते, आतला गाभा मागाहून थंड होतो. मग आयुष्यभर बाहेरचा भाग दाबाखाली आणि आतला ताणाखाली. म्हणून ती काच दणकट असते, आणि फुटलीच तर सगळा ताण एकदम सुटून तिचे बोथट, बारीक दाणे होतात. पुढच्या काचेनं फुटूनही जागेवर राहायचं, दाराच्या काचेनं फुटली की पार भुगा व्हायचं. कुणी कसं फुटायचं हे आधीच ठरवून दिलेल्या वस्तू जगात फार नसाव्यात.

या हवेच्या झोतांनी मला एकदा चांगलंच फसवलं होतं. नवा पोलराइज्ड गॉगल घालून गाडीपाशी आलो तर मागच्या काचेवर ओळीनं काळपट ठिपके. फडकं आणलं, पाणी आणलं, घासघास घासलं. डाग हलेनात. घाम पुसायला गॉगल काढला आणि काच लख्ख! कारखान्यात जिथे जिथे गार हवा लागली, तिथला ताण थोडा वेगळा राहतो आणि तो अशा गॉगलमधून दिसतो. म्हणजे मी काचेच्या जन्मखुणा पुसायला निघालो होतो.

मुळात काच एवढी सपाट मिळते, हीसुद्धा तशी अलीकडचीच चैन. पूर्वी चांगली काच हवी तर ती दोन्ही बाजूंनी घासून, पॉलिश करून घ्यावी लागे. ब्रिटिश अभियंते अॅलस्टेअर पिल्किंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षं खटपट करून 1959 साली वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगवण्याची पद्धत जाहीर केली, आणि घासणं संपलं. एवढ्या कष्टानं सपाट केलेली काच मोटारवाले पुन्हा वाकवतात, ते सोडा. पण वाकवताना दोन्ही काचा एकीवर एक ठेवून, चिकटू नयेत म्हणून मध्ये पूड भुरभुरून, एकत्र वाकवण्याची रीत आहे. जोडी जन्माचीच.

दुरुस्तीला गेलो तेव्हा मनात होतं, काच सरळ बदलूनच टाकावी. मिस्त्रींनी आरशामागे बोट दाखवलं. "साहेब, वर कॅमेरा आहे. काच बदलली की त्याची नजर परत जुळवावी लागते. त्याच्या बाजूला पावसाचा सेन्सर." तो सेन्सर काचेच्या आत तिरकी अवरक्त किरणं सोडतो. काच कोरडी असली की ती आतल्या आत परावर्तित होऊन परत येतात, थेंब पडला की तिथून काही निसटतात. परत आलेला प्रकाश कमी पडला, की वायपर हलतो. ऐकून मी जरा खजील झालो. मी जिला भोक बुजवणारी वस्तू समजत होतो, तिच्या अंगावर इतकी कामं होती.

टवका भरणं मात्र साधारण अर्ध्या तासाचं नाजूक काम. मिस्त्रींनी त्यावर छोटा पंप बसवून आतली हवा ओढली, मग पातळ रेझिन सोडलं आणि अतिनील दिवा धरला. तडा दिसतो तो त्यातल्या हवेमुळे. हवेत आणि काचेत प्रकाश वेगवेगळा वळतो. काचेइतकाच प्रकाश वळवणारं रेझिन तिथे शिरलं, की डोळ्याला हद्दच सापडत नाही. तिन्ही तडे माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून विझले.

मसुराच्या जागी आता मोहरीएवढा पुसट ठिपका आहे. परवा मेव्हणा शेजारी बसला होता. "काहीतरी चिकटलंय बघ तुझ्या काचेला," म्हणत त्यानं आतून अंगठ्यानं ते खरवडायला घेतलं. एक काच आणि एक पापुद्रा ओलांडून पलीकडे पोचायचं होतं त्याला. मी काही बोललो नाही, पुढच्या सिग्नलपर्यंत तो खरवडत होता.