हिंगम ते हिंगम: नॉरफोकच्या दफ्तरांत लिंकन घराण्याचा माग

बॉस्टनजवळच्या हिंगम गावाला हे नाव १६३५ साली मिळालं, ते इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यातल्या हिंगमवरून. अब्राहम लिंकनचा पूर्वज सॅम्युअल याच वाटेने अमेरिकेत आला. ती वाट उलट चालून पाहावी, म्हणून मी आधी लंडनला आणि मग नॉरफोकमधल्या नॉरिच शहरात गेले.

लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय दफ्तरखान्यात, १६३७ साली ग्रेट यार्मथहून परदेशी निघालेल्यांची नोंदवही आहे. ८ एप्रिलच्या नोंदीत फ्रान्सिस लॉज हा ५७ वर्षांचा विणकर, त्याची बायको, मुलगी आणि दोन नोकर आहेत. त्यांतला एक ‘सॅम्युअल लिंकॉर्न’, वय १८. हिंगमच्या चर्चमधला बाप्तिस्मा मात्र ऑगस्ट १६२२ चा, म्हणजे पोराला पंधरावंही पुरं नव्हतं! बंदरावर वय वाढवून सांगितलं असावं, हा तर्क मला पटतो. आडनावही कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं उतरलंय. अशा एका कागदावर वंशावळ उभी करू नये.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की एकटा माणूस शोधू नका, त्याच्याबरोबर उठलेलं गाव शोधा. सॅम्युअलचा थोरला भाऊ थॉमस आधीच पलीकडे पोचला होता. १६३८ मध्ये पाद्री रॉबर्ट पेक आपल्या माणसांसह ‘डिलिजंट’ जहाजाने निघाला; त्यावर १३३ प्रवासी होते. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमचा नगरलेखक डॅनियल कुशिंग याने जुन्या हिंगमहून आणि आसपासहून आलेल्यांची सालवार यादी लिहून ठेवली. शेजारी, मेहुणे, चाकर असे सगळे जुळले की नाव पक्कं होतं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत भाऊबंदांच्या नोंदींवरून आपण घराणं ओळखतो, तसंच हे.

नॉरिच लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून आगगाडीने साधारण दोन तासांवर. नॉरफोक रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे परगण्याचा दफ्तरखाना, काउंटी हॉलशेजारी आहे. उघडण्याचे वार आधी पाहा, फोटो असलेलं ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. पेन आत चालत नाही. चर्चच्या बऱ्याच नोंदवह्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, तेवढं आधीच उरका. वही फाटकी असेल तर त्या काळी दरवर्षी बिशपकडे जाणारी तिची नक्कल मागा. त्या काळच्या हस्ताक्षराचं वळण पहिल्यांदा अजिबात वाचता येत नाही. नॅशनल आर्काइव्ह्जचे मोफत ऑनलाइन धडे गिरवूनच जा. आणि १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे ‘फेब्रुवारी १६३६’ म्हणजे आपला १६३७, हे ध्यानात असू द्या.

हिंगमला रेल्वे नाही, नॉरिचहून बस मिळते. सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये १९१९ साली बसवलेला अब्राहम लिंकनचा अर्धपुतळा आहे. तो पाहाच, पण वेळ कमी असेल तर रेकॉर्ड ऑफिसातल्या मृत्युपत्रांना द्या. मागे राहिलेल्या बापाने ‘न्यू इंग्लंडात असलेल्या माझ्या मुलास’ काही ठेवलेलं सापडलं, तर दोन्ही किनारे एका ओळीत जोडले जातात.