कोल्हापूरहून व्हिएतनाम: व्हिसा सोपा, नाव जुळवणं अवघड

व्हिएतनामच्या व्हिसासाठी कोल्हापूर सोडावं लागत नाही, हे आमच्याकडे अजून बऱ्याच जणांना पटत नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला खेटे घालून, बोटांचे ठसे देऊन आलेलं कुणीतरी प्रत्येक भावकीत असतंच. त्याच्या गोष्टी ऐकून बाकीचे आधीच दमलेले असतात. इथं तसलं काही नाही, ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो. ना मुलाखत, ना ठसे, ना पासपोर्ट कुरिअरनं पाठवायचा. राजारामपुरीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही सगळ्यांचे अर्ज भरले. आई, ताई, दाजी, भाचा, बायको आणि मी. नाताळच्या सुट्टीत जाऊन आलो. हो ची मिन्ह सिटी, हनोई आणि हालाँग बे. खाण्यापिण्याचं आणि फोटोंचं सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून मी कागदपत्रांवरच जास्त लिहितोय. ग्रुपमध्ये रोज कुणीतरी तेच विचारतंय.

सुरुवात पासपोर्टपासून करा, तिकिटापासून नको. व्हिएतनाममध्ये उतरताना पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी लागते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असल्यामुळे तारीख डोक्यात असते, पण लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो आणि तो नेमका कपाटात असताना संपतो. भाच्याचं तसंच झालं. आपल्या जिल्ह्याचं काम पुणे पासपोर्ट कार्यालयाकडे असलं तरी अर्जदाराला पुण्याला जावं लागत नाही. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची. मोठ्यांच्या 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये, अठरा वर्षांखालच्यांना 1000, आणि तत्काळ हवा असेल तर वर 2000. पोलीस पडताळणीच्या दिवसांत घराला कुलूप लावून पाहुण्यांकडे जाऊ नका, आणि अनोळखी नंबरचा फोन असला तरी उचला.

आईच्या पासपोर्टची वेगळीच कथा. 2019 च्या महापुरात मामाच्या रमणमळ्यातल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा तिची कागदपत्रांची पेटी तिथंच होती. पासपोर्ट वाळवून, इस्त्री करून ठेवलेला. मुदत होती, नाव वाचता येत होतं, पण फोटोच्या पानाचं प्लास्टिक सुटून एका कोपऱ्यात शाई पसरली होती. "दिसतंय की सगळं," आई म्हणाली. आपल्याला दिसून उपयोग नाही, मशीनला दिसायला पाहिजे. असा पासपोर्ट खराब झालेला धरतात. विमानतळावर अडवलं तर तिथं वाद घालून काही होत नाही. खराब किंवा हरवलेल्या पासपोर्टच्या जागी नवा घ्यायला 3000 रुपये लागतात आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. चिखली, आंबेवाडी, शाहूपुरी कुंभार गल्ली, जिथं जिथं पाणी आलं होतं, तिथल्या लोकांनी पासपोर्ट एकदा उजेडात धरून बघावा.

आता नावाचं. माझ्या मते निम्मं काम इथंच आहे. आपलं नाव तीन मजली, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर मात्र रकाने दोनच. एका रकान्यात आडनाव आणि दुसऱ्यात उरलेली दोन्ही नावं. आधारवर वेगळं, पॅनवर वेगळं, दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरंच. कुठे 'एच' जादा, कुठे एकाच्या जागी दोन 'ए'. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका. ताईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि पॅनवर सासरचं. प्रवासाला ते चालतं, तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टवरच्या नावानं असले की झालं. नवऱ्याचं नाव लागलेलं नाही म्हणून कुणी अडवत नाही.

दाजींची तिकिटं एका ओळखीच्या एजंटनं काढली आणि त्यानं आधारचा फोटो बघून नाव टाकलं. आडनावात एक अक्षर कमी. दाजी म्हणाले, "एका अक्षरानं काय होतंय?" दाजींना मी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी बोललो. एक-दोन अक्षरांची दुरुस्ती विमान कंपन्या सहसा करून देतात, कधी फुकट, कधी पैसे घेऊन. पण ती निघायच्या बऱ्याच आधी सांगावी लागते. विमानतळावरच्या काउंटरवर नाही. एजंटला पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा, दुसरं काहीही पाठवू नका, आणि तिकीट हातात आलं की पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आडनावाचा रकानाच रिकामा असलेले पासपोर्टही आपल्याकडे आहेत, सगळं नाव एकाच ओळीत. त्यांनी तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्यावं.

व्हिसाच्या अर्जात नाव कसं भरायचं? पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत जसं नाव आहे, तसंच. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आणि मुदत यांतला एक आकडा चुकला तरी हातात येणारा व्हिसा निरुपयोगी. मंजूर व्हिसात खाडाखोड होत नाही, नवा अर्ज आणि नवे पैसे.

अर्ज व्हिएतनाम सरकारच्या साइटवरच करा. ईव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन. शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन नसेल तर ती साइट सरकारी नाही, मग तिच्यावर झेंडा असो, राजमुद्रा असो. गुगलवर शोधलं की वर येणाऱ्या चकचकीत साइट बहुधा खासगी असतात. त्यातल्या काही व्हिसा काढूनही देतात, पण दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन. सरकारी फी एका प्रवेशाला (देशात एकदाच शिरायला) 25 डॉलर, म्हणजे दोन-सव्वादोन हजार रुपये आणि वर कार्डाचे काय ते चार्जेस. अनेक प्रवेशांना 50 डॉलर. अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. ऑगस्ट 2023 पासून हा व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. त्यामुळे राहायचं आठवडाभर असलं तरी तारखा सैल मागा. फी तीच आहे. विमान पुढे ढकललं गेलं तर अंगावर येत नाही. व्हिसा सुरू होण्याच्या तारखेपासून मुदतीत कधीही उतरता येतं, आधी मात्र एक दिवसही नाही. मुंबईहून विमान मध्यरात्रीच्या थोडं आधी असेल तर उतरण्याची तारीख दुसऱ्या दिवशीची, हे ध्यानात असू द्या. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास.

फॉर्म लांबलचक आहे पण अवघड नाही. चष्मा न घालता काढलेला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि पासपोर्टच्या पानाचा स्वच्छ फोटो, दोन्ही फायली तयार ठेवा. मोबाइलनं काढताना ट्यूबलाइटची चमक प्लास्टिकवर पडते आणि नेमका नंबर पुसट येतो. आम्ही दुपारी खिडकीपाशी काढले. पहिल्या हॉटेलचा पत्ता लागतो, कुठल्या विमानतळावर उतरणार तेही विचारतात. पैसे भरल्यावर जो नोंदणी क्रमांक येतो त्याचा स्क्रीनशॉट घ्या, निकाल त्यावरच बघायचा असतो. नियमानं कामकाजाचे तीन दिवस लागतात. शनिवार-रविवार धरायचे नाहीत, आणि तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुट्ट्यांत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, सगळंच थंडावतं. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज टाकलेला बरा. मुलांचाही अर्ज वेगळा. फी सगळ्यांना सारखीच.

मधेच कंबोडियाला जाऊन अंकोरवाट बघून परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा घ्या, आणि कंबोडियाचा वेगळा. एका प्रवेशाचा व्हिसा सीमा ओलांडली की संपला. उलट फक्त फू क्वॉक बेटावरच जाऊन यायचं असेल तर 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागतच नाही. पण मग मुख्य भूमीवर फिरायचा मोह नको.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एवढंच: दा नांग, होई आन, ह्वे या मधल्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुसळधार पाऊस असतो, पूर येतात. पूर बघायला आपल्याला विमानानं जायची गरज नाही. दक्षिणेकडे डिसेंबर कोरडा आणि गरम, हनोईत मात्र स्वेटर लागतो.

पॅकेज घेणार असाल तर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापतात. तो रिटर्न भरताना तुमच्या करात वजा होतो किंवा परत मिळतो, मात्र ज्याचा पॅन दिला त्यालाच. घरातल्या रिटर्न भरणाऱ्या माणसाचा पॅन द्या.

मुंबईला आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो. सकाळी सीएसएमटी, दिवसभर नातेवाइकांकडे आणि रात्री विमान. चेक-इनला त्यांनी व्हिसाची छापील प्रत मागितली. मोबाइलवरची पीडीएफ दाखवून निभावेलही, पण प्रत्येकाच्या दोन प्रती छापून घ्या. बिंदू चौकात झेरॉक्सला लागतात तेवढेच पैसे. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंगही छापलेलं होतं. भारतीय इमिग्रेशनवर आईला विचारलं, "कुणाबरोबर चाललाय?" आईनं सगळ्या खानदानाकडे बोट दाखवलं. शिक्का बसला.

विमान थेट होतं, पाच तासांच्या आसपास. हो ची मिन्ह सिटीला उतरल्यावर 'व्हिसा ऑन अरायव्हल' लिहिलेला काउंटर दिसतो आणि निम्मे भारतीय तिकडे वळतात. तो एजंटकडून मंजुरीपत्र आणणाऱ्यांसाठी आहे. ई-व्हिसावाल्यांनी सरळ इमिग्रेशनच्या रांगेत लागायचं. अधिकारी फार बोलत नाहीत. पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद घेतला, शिक्का मारला, दिला. तिथून हलण्याआधी शिक्क्यावरची राहण्याची तारीख वाचून घ्या. ती कमी पडली असेल तर खिडकीपाशीच बोलता येतं. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दंड आहे.

हॉटेलवाले पासपोर्ट मागतात तेव्हा आपल्या लोकांचा जीव वरखाली होतो. त्यांना पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, म्हणून मागतात. बहुतेक ठिकाणी फोटो काढून लगेच परत देतात. ठेवून घेतला तर निघताना आठवणीनं मागून घ्या.

पैशांचं एक बघा. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग (तिकडचं चलन), त्यामुळे सगळेच लखपती होतात. पाच लाखांची नोट आणि वीस हजारांची नोट, दोन्ही निळ्या. संध्याकाळच्या उजेडात दाजींनी नारळपाण्याला पाच लाखांची काढली. त्या बाईंनीच हसून हात मागे सारला. आम्ही तिथंच निळ्या नोटांचे दोन वेगळे कप्पे केले. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागून घ्या. पेनाची रेघ असलेली नोट तिकडे नाकारतात.

शाकाहारी माणसानं 'चाय' हा शब्द पाठ करावा, तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. पाटीवर तो दिसला की बिनधास्त शिरा. नाहीतर भाजीतही माशाचा सॉस असतो. कांदा-लसूण चटणी चेक-इन बॅगेत नेली तर त्रास होत नाही, केबिनमध्ये सात किलोंची मर्यादा कडक पाळतात. आईच्या बीपीच्या गोळ्या मात्र हातातल्या पर्समध्ये, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट. वेप म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्या भाच्यांना, पुतण्यांना सांगून ठेवा, 2025 पासून तिकडे त्यावर बंदी आहे. रोख 5000 डॉलरपेक्षा जास्त असेल तर कस्टमला जाहीर करावी लागते, पण तो प्रश्न आमच्यासारख्यांना येत नाही.

हो ची मिन्ह सिटीजवळची कू चीची युद्धकाळातली भुयारं जरूर बघा. हो ची मिन्ह यांनी शिवाजी महाराजांकडून गनिमी कावा घेतल्याचा जो मेसेज फिरतो, त्याबद्दल दाजींनी गाइडला विचारलंच. तो नम्रपणे हसला, त्यानं ते ऐकलेलंच नव्हतं. भुयारात दाजी खांद्यापर्यंत गेले आणि परत वर आले.

परतताना व्हिसाचा कागद मुंबईत उतरेपर्यंत टाकू नका. आणि विमान मुंबईला रात्री उतरत असेल तर त्याच रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट काढू नका, ती तोवर निघून गेलेली असते. मुंबईत मुक्काम करून सकाळची कोयना एक्सप्रेस धरा, नाहीतर उशिराच्या खासगी बसचं आधीच बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं असेल तर परतीची तारीखच एक दिवस अलीकडची घ्या.